सायकलचं गाणं, चौथ्यांदा

पत्रक लिहिताना मागणी पहिल्या ओळीत टाकायची, कारणं खाली, असं मला शिकवलं आहे. म्हणून मागणी आधी. मला एका रॉक बँडचं एक गाणं त्यांच्या हातून, समोर बसून ऐकायचं होतं. फोनवर नाही, समोर. बाकी माझ्या सगळ्या मागण्या सार्वजनिक होत्या. ही एकच खासगी होती आणि चार वर्षांची थकलेली होती.

बँड नागपूरचा. तीन पोरं आणि ड्रम वाजवणारी एक पोरगी. फार कुणाला माहीत नाही आणि त्याचं मला मनातून बरंच वाटायचं. भंडाऱ्याला कॉलेजात असताना आम्ही चौघी एका खोलीत राहायचो. तिथे रडायला जागा नव्हती, चिडायलाही नव्हती. मी मात्र दिवसभर चिडलेली असायचे. बस थांबली नाही, शिष्यवृत्ती आली नाही, ऑफिसातल्या बाबूने उद्या या सांगितलं. तेव्हा एका मैत्रिणीच्या फोनवर, एकच कान चालणाऱ्या इअरफोनमधून ते गाणं ऐकलं. सात मिनिटांचं. गिटारची सगळ्यात जाड तार सैल सोडलेली, आणि पहिली तीन मिनिटं फक्त ती तार घुमत राहते. शब्द नाहीत. मग ड्रम, आणि शेवटी चार ओळी. मला वाटलं, हा माझ्यापेक्षा जास्त चिडला आहे, आणि याला घाई नाही. चिडायला इतका वेळ घेता येतो हे मला माहीतच नव्हतं.

त्यांची सगळी गाणी मला पाठ झाली. एक सोडून सगळी आवडायची. ते एक म्हणजे सायकलचं गाणं. 'चेन उतरली रे, चेन उतरली' असं काहीतरी, टाळ्या वाजवायला सोपं. ज्यांना बँड कळत नाही त्यांना ते आवडतं, असं माझं मत होतं आणि ते मी विचारल्याशिवायही सांगत असे.

एकदा नागपूरला त्यांचा कार्यक्रम होता म्हणून गेले. ठिकाण होतं एक हॉटेल. दारावरच्या माणसाने सांगितलं, जोडीनेच प्रवेश, एकट्या मुलीला नाही. मी विचारलं, एकटीचे कान कमी चालतात का? तो म्हणाला, मॅडम, नियम आहे. त्यांच्या पार्किंगमध्ये उभी राहून मी भिंतीतून येणारी धडधड ऐकली. कोणतं गाणं ते ओळखता येत नव्हतं. परत येताना बसमध्येच मी त्या नियमाविरुद्ध पत्रक लिहून काढलं, आणि पुढच्या आठवड्यात त्याच दाराशी उभी राहून वाटलं. दारावरच्या माणसानेही एक घेतलं. पण गाणं राहिलंच.

पत्रकं लिहायला मी आमच्या विहारातल्या वाचन मंडळात शिकले. आमचं गाव करडी या गावाच्या पुढे, रस्ता संपत आल्यासारखा वाटतो तिथे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडारीचा नाच, अंधार पडल्यावर नाटक. लग्न झालेल्या लेकी त्यासाठी माहेरी येतात. हे सगळं उत्तम आहे, माझी तक्रार नाही. तक्रार दुपारच्या कार्यक्रमाची होती. काही वर्षांपासून मंडई समिती दुपारी डान्सचा कार्यक्रम आणायला लागली होती, आणि तो सुरू झाला की बायांनी चटया गुंडाळून घरी जायचं असा अलिखित कायदा होता. मी पत्रक काढलं. त्यातलं शेवटचं वाक्य अजून पाठ आहे: 'मंचावर कोण आहे ते सांगू नका, चटईवर बसलेली बाई काय मागते ते ऐका.' अख्ख्या गावात वाटलं. समितीने मला बोलावलं.

समितीचे अध्यक्ष म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे काका. धानाचे शेतकरी, मिशीवाले, बोलायला तिखट.

"पोरी, डान्स बंद केला समज," ते म्हणाले. "मग दुपारी काय आनाचं? तुहं पत्रक वाचून दाखवू का तीन घंटे?"

मी तयारीनेच गेले होते. "बँड आणू जी. नागपूरचा. बायासुद्धा बसून पाहतील असा."

"बँड म्हणजे वरातीचा?"

"नाही जी. रॉक."

"हे काय असते?"

काय असतं ते मी फोनवर लावून दाखवलं. अर्थातच माझं गाणं लावलं. तीन मिनिटं शब्द नाहीत. समितीतले सहा जण फोनकडे बघत बसले. दोन मिनिटांनी एकाने विचारलं, "रेंज नाही काय?" तेव्हा माझा नाइलाज झाला. मी सायकलचं गाणं लावलं. काकांचा पाय हलला. ठराव पास झाला.

"पण आयक," काका म्हणाले. "बाया उठून गेल्या त पुढच्या वर्षी समितीसमोर तोंड उघडजो नको."

बँडला मी चार वर्षं लांबलचक मेसेज पाठवत होते, त्यामुळे गाणाऱ्याला मी माहीत होते. तो लगेच हो म्हणाला. दोन वाजता सुरू, साडेपाचला संपवायचं, कारण त्याच मंचावर नाटक कंपनीला पडदे बांधायचे असतात. साडेतीन तास. हिशेब सोपा होता. तो बिघडवला मीच.

कार्यक्रमाचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या भागात नाटकाला उद्घाटक असतो, सहउद्घाटक असतो, अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक आणि बाकीचे प्रमुख पाहुणे. कुणाचं नाव गाळलं तर तो वर्षभर बोलत नाही. मी विचार केला, नावांनी कागद भरतो, आपलं काय जातं? अठरा नावं लिहिली. शेवटी छापलं: 'रॉक बँड, नागपूर.' हे लक्षात आलं नाही की पत्रकात नाव आलं म्हणजे मंचावर खुर्ची आली, खुर्ची आली म्हणजे सत्कार आला, आणि सत्कार झालेला माणूस दोन शब्द बोलल्याशिवाय खाली उतरत नाही. मी जन्मापासून हे पाहत आले आहे. तरी चुकले.

मंडईच्या दिवशी सकाळी आठलाच मंचासमोर चटया, सतरंज्या, धानाचे रिकामे बोरे, म्हणजे पोती, असं सगळं पडलं. प्रत्येकावर एक दगड. ज्याचा दगड त्याची जागा, त्यात वाद नाही. आईनेही आमचा बोरा दुसऱ्या रांगेत टाकून ठेवला. आई गावच्या शाळेत खिचडी शिजवते. मी बँडचा काळा टी-शर्ट घालून निघाले तेव्हा तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मंडईले काळं घालते काय कोणी?"

"बँडचं आहे, माय."

"मी एक घंटा बसीन. तुही इज्जत जाऊ नये म्हणून. मग मले कामं आहेत."

बँड एक वाजता आला. गाणाऱ्याने माझ्याच चटईवाल्या पत्रकाच्या एका उरलेल्या प्रतीमागे नऊ गाण्यांची यादी लिहून माझ्या हातात दिली. माझं गाणं नववं होतं. "ते आम्ही नेहमी शेवटीच घेतो," तो म्हणाला. "तुझं गाणं आहे ना, माहीत आहे." मी त्याच्याशी नीट बोलणार होते, चार वर्षांचं साठलेलं सांगणार होते. प्रत्यक्षात मी म्हटलं, "पाणी तिकडे ठेवलं आहे," आणि पळाले.

दोन वाजता उद्घाटन सुरू झालं. सूत्रसंचालन माझ्याकडे. अठरा पाहुणे. मी नाव घ्यायचे, समितीचा माणूस पुष्पगुच्छ द्यायचा, फोटोवाला म्हणायचा, "साहेब, इकडे." तिसऱ्या पाहुण्याने युवकांवर बोलायला सुरुवात केली. सातव्याने संस्कृतीवर. अकरावा उभा राहिला आणि म्हणाला, मी जास्त वेळ घेणार नाही, आणि यादीतलं एक गाणं मी मनातच खोडलं, कारण हे वाक्य मी ओळखते. मंचामागे ड्रमवाली पोरगी काठ्या मांडीवर वाजवत बसली होती. मी घड्याळ बघत होते आणि मनातल्या मनात अठरा पत्रकं लिहीत होते.

पावणेपाचला शेवटचा पाहुणा उतरला. गाणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "पाचच होतील. कोणती ठेवू?" मी पेन काढून चार गाणी खोडली. सायकलचं खोडणारच होते, पण समितीला तेच दाखवलेलं होतं. ते तिसरं ठेवलं. माझं पाचवं.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मी चार वर्षं थांबले होते ते कशासाठी हे मला कळलं. आवाज कानाने ऐकायचा असतो हे खोटं आहे. तो पोटरीतून वर येतो. मला उडी मारायची होती, पण हातात माइक होता आणि समोर अख्खं गाव होतं. गाव गप्प होतं. टाळी नाही, मान हलत नाही. नाटक बघतात तसे सगळे हनुवटीला हात लावून बघत होते. आमच्याकडे हे लक्ष देणं असतं, पण गाणाऱ्याला ते कसं कळणार? तो घामाघूम होऊन मला खुणेने विचारत होता, काही चुकलं का?

भंडारा, तुमसरहून मोटारसायकलींवर आलेली दहाबारा पोरं मात्र होती, माझ्यासारख्याच काळ्या शर्टात. ती मंचाला चिकटून उभी राहिली आणि उड्या मारू लागली. मागून बायांचा आवाज उठला.

"ए काळ्या शर्टवाल्या! बस खाली! आरपार दिसत नाही बाबू तुह्यातून!"

"आजी, असं उभं राहूनच ऐकतात हे."

"मंग मांगं जाऊन उभा राय. अठी माहा दगड हाये."

पोरं बसली. बसल्या बसल्या मान गरागरा फिरवू लागली. एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "याच्या अंगात आलं काय वो?" शेजारीण म्हणाली, "येऊ दे. बसला आहे ना."

बायांचं खरं लक्ष ड्रमवालीवर होतं. माझ्या आईने मला खुणेने मंचाच्या कडेला बोलावलं. मला वाटलं, निघाली. ती म्हणाली, "पोरगी पाय कायले हालवून राहिली?"

"पायाने मोठा ढोल वाजतो तिचा."

"हातानं येगळं, पायानं येगळं? शिलाई मशीनवानी?" आणि तिने परत जाऊन ते अख्ख्या रांगेला सांगितलं. बोरा गुंडाळायचं नाव नव्हतं. तास होऊन गेला होता.

मग तिसरं, सायकलचं. 'चेन उतरली रे' आलं आणि चटयांवर काहीतरी हललं. आमच्या गावापासून करडीपर्यंतचा रस्ता ज्याने सायकलने केला आहे त्याला ते गाणं समजावून सांगावं लागत नाही. गाणं संपलं. मग बायांच्या बाजूने, अगदी नाटकात येतो तसा आवाज आला: "वन्स मोअर!"

गाणारा हसला, हात जोडले, आणि चौथ्या गाण्याला सुरुवात केली. पण आवाज थांबेना. "वन्स मोअर! वन्स मोअर!" पुरुषही ओरडू लागले. त्याने गिटारवाल्याला थांबवलं आणि तो माझ्याकडे आला.

"शेवटी घेऊ म्हणावं ना परत."

"शेवटी नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे वन्स मोअर म्हणजे आत्ता. नाटकातसुद्धा गाणं तिथल्या तिथे परत म्हणावं लागतं. नाही तर पुढे जाऊच देत नाहीत."

"हेच गाणं? लगेच? पूर्ण?"

"पूर्ण. कडवं गाळलंत तर कळतं त्यांना."

त्याच्या तोंडावर जे आलं ते मी त्यांच्या कोणत्याही व्हिडिओत पाहिलेलं नाही. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सायकल पुन्हा सुरू झाली. संपली. पुन्हा "वन्स मोअर!" या वेळी पहिला आवाज अध्यक्ष काकांचा होता. तिसऱ्यांदा वाजलं. मला आनंदही होत होता आणि संतापही येत होता. सात मिनिटांच्या गाण्याचा वेळ हे लोक चेन उतरवण्यात घालवत होते, आणि बँडही असा वाजवत होता की जणू हेच त्यांचं सगळ्यात मोठं गाणं.

यादीतलं चौथं गाणं झालं तेव्हा पाच वीस झाले होते. नाटक कंपनीचा पडदेवाला खांद्यावर दोर घेऊन मंचाच्या कडेला येऊन उभा राहिला.

"बाई, एकच गाणं. मंग माहे पडदे."

"सात मिनिटांचं आहे," मी म्हटलं.

"सातचं राहो का दोनचं. एक."

गिटारवाल्याने काही न विचारता सगळ्यात जाड तारेची खुंटी फिरवायला सुरुवात केली. तार सैल होत खाली खाली गेली आणि एक सूर घुमला. स्पीकरमधून, गावभर. माझ्या गाण्याचा पहिला सूर, समोर, त्याच्या हातून.

आणि चटयांवरून आवाज आला, "सायकल! वन्स मोअर! सायकल!"

गाणाऱ्याने माइक माझ्याकडे केला. "तू सांग. तुझं गाव."

मला सांगायला सोपं होतं. दोन वाक्यं बोलायची, आता बँड आपलं खास गाणं सादर करत आहे, कृपया शांतता राखा. गाव माझं ऐकून गप्पही बसलं असतं. मी खाली पाहिलं. यादीचा कागद हातात उलटा झाला होता, माझीच मोठी अक्षरं वर आली होती: 'चटईवर बसलेली बाई काय मागते ते ऐका.' पण खरं सांगायचं तर कागदाने काही झालं नाही. झालं ते आईमुळे. आई उभी होती. उभ्या पोरांना खाली बसवणाऱ्या बायांमधली माझी आई बोऱ्यावर उभी राहून, तोंडाशी हात धरून ओरडत होती, आणि मागची म्हातारी तिला म्हणत होती, "बस ना वो, दिसून नाही राहिलं!" आणि आई बसत नव्हती.

मी माइकमध्ये म्हटलं, "वन्स मोअर."

गिटारवाल्याने तार परत घट्ट केली. चौथ्यांदा सायकल सुरू झाली. या वेळी कुणीच कुणाला खाली बसवलं नाही. काळ्या शर्टवाली पोरं उठली, बाया उठल्या, काका उठले. 'चेन उतरली' आलं की गाणारा गप्प राहायचा आणि गाव गायचं. मी माइक पडदेवाल्याच्या हातात कोंबला आणि उडी मारली. मग मारतच राहिले. सायकलच्या गाण्यावर. मी.

साडेपाचला पडदेवाल्याने माइकवर घसा साफ करून सांगितलं, "झालं आता. नाटकाले या." इतकं थोडक्यातलं भाषण त्या मंचावर दिवसभरात दुसरं झालं नाही.

गाडी भरताना गाणारा म्हणाला, "अशी पब्लिक आम्हाला मिळाली नव्हती कधी. तुझं गाणं राहिलं, सॉरी." मी म्हटलं, "पुढच्या वेळी सत्कार नसतील." ड्रमवालीने मला तिची तुटकी काठी दिली. घरी आल्यावर आईने ती खिडकीच्या पल्ल्याला टेकण म्हणून लावली. वारा आला की पल्ला आपटायचा, आता आपटत नाही.

त्या संध्याकाळी बोरा खांद्यावर टाकून घरी येताना आईने विचारलं, "मंग तुहं गानं कोनतं होतं? जे राह्यलं?"

मी फोनवर लावलं. आम्ही चालत राहिलो. बाजार उठत होता. दोन मिनिटं तिने फोन कानाशी धरला. मग म्हणाली, "शब्द कवा येतात?"

"येतील. अजून एक मिनिट."

शब्द आले. चारही ओळी तिने नीट ऐकल्या, घराचं दार आलं तरी बाहेर उभी राहून.

"बरं झालं नाही वाजवलं," ती म्हणाली. "उठून गेल्या असत्या बाया."

"तू गेली असतीस?"

"मी बसली असती. तुही इज्जत होती ना." आणि कुलूप काढून आत गेली, आणि आत गेल्या गेल्या चेन उतरली रे गुणगुणायला लागली.

माझं मत बदललेलं नाही. त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं तेच आहे, सात मिनिटांचं, आणि याबद्दल मी कुणाशीही भांडायला तयार आहे. पण त्या काळ्या शर्टवाल्या पोरांपैकी एकाने काढलेला व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यात अर्धी फ्रेम एका आजीच्या डोक्याने भरलेली आहे. ती जाड तार खाली उतरते, सूर घुमतो, मग "सायकल! सायकल!", मग माझा आवाज, आणि तार परत वर चढते. पुढे काही नाही, तिथेच संपतो. तो मी त्या गाण्यापेक्षा जास्त वेळा ऐकते.

समितीला मी नवं पत्रक दिलं आहे. मागणी एकच, पहिल्या ओळीत: सत्कार बंद करा. काकांनी वाचून चष्मा काढला.

"सत्कार बंद होत नाही पोरी, गाव फुटते. वेळ वाचवाचा असन त वन्स मोअर बंद करू."

"नाही जी," मी म्हटलं. "मग राहू द्या सत्कार."